शिरीषाखालचा दगड

तात्यांनी एखाद्या झाडाला कान लावला, की त्या झाडाखाली बसलेली माणसं उठून जात. कोणी कोणाला काही सांगत नसे. चणेवाला टोपली डोक्यावर घेई, न्हावी आपली पेटी आवरी, पत्ते खेळणारे डाव अर्धा टाकून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बसत. तात्या मात्र डोळे मिटून, गाल सालीला टेकवून तसेच उभे. हातात वीतभर दांड्याची बाभळीची मोगरी. एक ठोका, मग कान. पाऊलभर सरकायचं, पुन्हा ठोका, पुन्हा कान. असा खोडाला पूर्ण वेढा घालून झाला की ते मोगरी पिशवीत टाकत. झाड धड असेल तर म्हणत, "चालतंय." धड नसेल तर काहीच म्हणत नसत. माणसं भीत ती या न म्हणण्याला.

तात्या म्युनिसिपालिटीच्या बागखात्यात मुकादम होते. रस्त्याकडेच्या झाडांची देखभाल त्यांच्याकडे. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या खोलीपासून तिसरी खोली त्यांची. नायगावपासून भोईवाड्यापर्यंत सगळे त्यांना ठोकेतात्या म्हणत, आणि ते नाव त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. ठोकायची सवय त्यांच्या बोटांतच उतरली होती. दुसऱ्याच्या घरी गेले की दाराची चौकट ठोकून बघत, कॅरमचा बोर्ड ठोकून बघत, कलिंगड तर ठोकतच.

एकदा आमच्याकडे चहाला बसले होते. माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. तात्यांनी अगदी सहज त्यांच्या पाठीवर दोन बोटांनी ठोकलं आणि कान लावला. मग कप उचलला आणि चहा पीत राहिले.

"काय तात्या, पोकळ आहे काय?" वडिलांनी हसत विचारलं.

तात्या काही बोलले नाहीत. आई मोरीपाशी भांडी विसळत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. पुढच्या दिवाळीला वडील नव्हते.

मी बी.ए. झाले ती वडील गेल्यानंतर. आमच्या घराण्यात कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि आमच्या चाळीत बी.ए. झालेली मी पहिली मुलगी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, का घालावी? आईने गिरणीच्या रीळखात्यात उभं राहून मला शिकवलं. निकाल लागला त्या दिवशी तात्या आले, माझ्या डोक्यावर दोन बोटांनी ठोकलं आणि म्हणाले, "भरीव आहे." गॅलरीत उभी असलेली सगळी माणसं हसली. मला मात्र युनिव्हर्सिटीच्या कागदापेक्षा तो शेरा मोठा वाटला. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय बी.ए.?" असंच म्हणायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता येई. खात्यात द्यायचे कागद मी लिहून देऊ लागले.

रविवारी ते 'मोठ्यांना भेटायला' निघत. मोठे म्हणजे झाडं. चाळीतलं जो कोणी सोबत येईल त्याला घेऊन जात, आणि नवी ओळख करून द्यावी तशी एकेकाची ओळख करून देत. कोर्टाच्या मागे एक जुनी बकुळ होती. "ही बाई इतकी वर्षं कोर्टात उभी आहे, एक साक्ष खोटी दिली नाही." परळच्या एका बंगल्याच्या कुंपणात गोरखचिंच होती, चार माणसांच्या कवेत न मावणारी. "हे अरब दर्यावर्दी. जहाजातून आले ते परत गेलेच नाहीत." शिवाजी पार्कच्या कडेला बसलेल्या पेन्शनरांनाही ते बिनदिक्कत सांगत, "काका, तुम्ही ज्याला टेकलात ना, त्यांना आधी नमस्कार करा. तुमच्या आजोबांच्या वयाचे आहेत." खिशात सांडशी असे. झाडात ठोकलेले खिळे ते उपटत, जाहिरातीचे पत्रे काढत, आणि ते खिळे एका बिस्किटांच्या डब्यात टाकत. घरी तो डबा काकी, म्हणजे त्यांची बायको, दाराला पाचर म्हणून लावायची, इतका जड झाला होता.

या सगळ्या मोठ्यांमध्ये तात्यांचा खरा जीव होता तो भोईवाड्याच्या नाक्यावरच्या विलायती शिरीषात. अख्ख्या नाक्यावर छत्री धरल्यासारखं ते झाड. वैशाखात गुलाबी तुरे यायचे, आणि संध्याकाळ झाली की पानं मिटायची. तात्या त्याच्याकडे बघत म्हणायचे, "पिंपळाला मुंजा राखतो. वडाला बायका दोरा गुंडाळतात. औदुंबराला दत्त आहे. त्यांना हात लावायची कोणाची छाती नाही. हा विलायती. ह्याला कोण आहे?" मग स्वतःच म्हणायचे, "ह्याला मी आहे."

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. गोळीबारात गेलेल्यांची घरं आमच्या आसपासच होती, एका चाळीत तर एकाच मजल्यावर दोन. त्या शिरीषाखाली सभा होत. पहिली पाळी सुटली की कामगार डबे हातात घेऊन थेट तिथेच येऊन बसत. बाया पूर्वेच्या बाजूला बसत, कारण तिकडची फांदी सगळ्यात लांब पसरलेली आणि तिची सावली सगळ्यात दाट. सभेची सगळी मांडामांड बाबी परब करायचा. तो मालवणकडचा, गिरणीत विणकर, आवाज पहाडी, मन साफ. त्याच फांदीला तो तारेने कर्णे बांधायचा, आणि तार सरकू नये म्हणून खिळे मारायचा. सभा झाली की तात्या जाऊन खिळे काढायचे. पुढच्या सभेला बाबी पुन्हा मारायचा. दोघांचं यावरून रोजचं भांडण आणि रोजचा एकत्र चहा.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तात्यांनी शिडी लावून त्या फांदीला ठोके दिले. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते; घरी येताना मीही थांबले. ते खाली उतरले, मोगरी पिशवीत टाकली आणि काहीच बोलले नाहीत. चाळीच्या दारापर्यंत आम्ही तसेच चालत आलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते मला कळत नाही. पण पडेल ती वाऱ्यावादळात नाही. वारा सुटला की माणसं लांब पळतात. मोठी फांदी पडते ती वारा पडलेला असतो तेव्हा. दुपारी, उकाड्यात, आवाज न करता. आणि तेव्हाच माणसं सावलीला येतात."

मी लगेच खात्यासाठी अर्ज लिहिला. इंग्रजीत, चांगला दीड पानी. पूर्वेकडची एक फांदी उतरवावी, बाकी झाड निरोगी आहे, असा. तो अर्ज मला फार आवडला होता, म्हणून तात्यांबरोबर मीही ऑफिसात गेले. साहेबांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मुकादम, या झाडाबद्दल वरून दोनदा विचारणा झाली आहे. सभेची जागा ती. कोणाला ते झाड तिथे नकोच आहे, फक्त निमित्त हवं आहे. मी हा कागद घेतला, तर हुकूम एका फांदीचा निघणार नाही, बुंध्यापासून निघेल. घेऊ का?"

तात्यांनी हात पुढे केला आणि अर्ज परत घेतला. जिन्यात त्याची चौपदरी घडी करून खिशात घातला. माझं इंग्रजी पहिल्यांदाच कोणाच्या तरी गळ्याशी येता येता राहिलं, हे मला तेव्हा समजलं.

मग त्यांनी सरळ वाट धरली. एका सकाळी ओळखीची दोन माणसं, दोर आणि करवत घेऊन ते नाक्यावर गेले. हुकमाशिवाय. नोकरी गेली तरी चालेल म्हणाले. शिडी लागली तोच बाबी परब आणि त्याच्यामागे पंचवीस-तीस माणसं आली.

"तात्या, तुका कोणी धाडल्यान?" बाबीने विचारलं.

"कोणी नाही. फांदी सडली आहे बाबी. उतरवू दे."

"परवा सभा हा, आणि आजच सडली?"

"तुझ्या खिळ्यांनी सडली. पाणी आत गेलंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "सरकारची चाकरी, सरकारची करवत." दुसरा म्हणाला, "तात्या, उद्या म्हणाल महाराष्ट्र पण पोकळ आहे." माणसं हसली. बाबी हसला नाही. त्याने शिडी उतरवली आणि नीट भिंतीला टेकवून ठेवली. "तू वाईट नाय, माका ठाऊक हा. पण तुझ्या साहेबाक सांग, ह्या झाडाक हात लागलो तर गिरण्या बंद होतील."

त्यानंतर तात्या रोज दुपारी त्या फांदीखाली जाऊन उभे राहू लागले. बसलेल्यांना सांगत, "इथून उठा. पलीकडे बसा." बाया उठायच्या आणि ते वळले की परत बसायच्या. बाबीची बायको तर बुंध्याच्या त्याच बाजूला पाय पसरून तांदूळ निवडायची. "तात्या, उन्हात बसू काय मी?" म्हणायची. पूर्वी ते कान लावत तेव्हा जी माणसं न सांगता उठायची, तीच आता सांगूनही उठेनात. करवत घेऊन आलेल्या माणसाचं मौन त्यांना आता खोटं वाटत होतं.

एका संध्याकाळी ते उन्हाने काळे पडून गॅलरीत बसले होते. मला त्यांचा राग आला, त्या माणसांचा त्याहून आला. मी म्हणाले, "तुमचं ऐकणार नाहीत तात्या. तिथे दगडाला शेंदूर फासून ठेवला असता तर न सांगता उठले असते."

बोलले ते रागात. शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात बोलले म्हणा. आम्ही आदल्याच वर्षी हिवाळ्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ज्या दिवशी चौपाटीवर सगळी मुंबई रडत होती, त्या दिवशी तात्यांनी हात वर करून देव न पुजण्याची शपथ घेतली, आणि आठवड्याच्या आत घरातले सगळे देव समुद्रात सोडायला लावले. काकीने खंडोबाचा टाक मुठीत धरून ठेवला होता, तीन पिढ्यांचा. तात्यांनी तिची बोटं एकेक करून उघडली होती. चाळीत त्यांच्याइतका कडक माणूस नव्हता. म्हणून माझं बोलणं ऐकून ते ओरडतील असं मला वाटलं. ते गप्प राहिले. झाडापुढे राहत तसे.

दोन दिवसांनी माझ्या दारात येऊन म्हणाले, "बी.ए., शेंदूर कुठे मिळतो गं?"

मी म्हणाले, "तात्या, मी उगाच बोलले."

"उगाच नाही. दुसरं काही सुचतंय का तुला? सुचत असेल तर सांग."

मला सुचत नव्हतं. बी.ए. होते, पण सुचत नव्हतं. ते म्हणाले, "थोड्या दिवसांचं काम आहे. फांदी पडली की दगड उचलून आणायचा. मग मी आणि माझी शपथ काय ते बघून घेऊ."

परळ-भोईवाड्यात आम्हांला सगळे ओळखत, म्हणून मी दादरला गेले. दुकानदाराने विचारलं, "मारुतीला का गणपतीला?"

मी म्हणाले, "अजून ठरलं नाही."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पुडी बांधली आणि तेलात कसा कालवायचा ते सांगितलं. ती पुडी मी पदराखाली धरून नायगावपर्यंत चालत आणली.

दगड तात्यांनी रस्त्याच्या कामाच्या ढिगातून घेतला. नारळाएवढा, एका बाजूला टवका गेलेला. पहाटे झाडांना पाणी घालणाऱ्या माणसांची हजेरी घ्यायला ते नाक्यावर असतच, त्यामुळे त्यांना तिथे बघून कोणाला काही वाटलं नसतं. रस्ते धुणारे येण्याआधी त्यांनी तो फांदीच्या बरोबर खाली, मुळांच्या बेचक्यात रोवला. घरी आले तेव्हा नखांत केशरी रंग होता. रॉकेलने घासलं तरी निघेना. काकी चूल फुंकत होती. तिने हात बघितले, मग तोंड बघितलं.

"माझे देव समुद्रात टाकायला लावलेत," ती म्हणाली, "आणि आता नाक्यावर दुसरा बसवून आलात?"

तात्यांनी हात पाठीमागे घेतले. मी दारात उभी होते. काकीने मला आत ये म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दगडापुढे झेंडूची दोन फुलं होती. पाचव्या दिवशी नारळ. बाबीच्या बायकोने स्वतः तिथली जागा सारवून घेतली आणि आपलं तांदळाचं सूप घेऊन पलीकडे, पश्चिमेला जाऊन बसली. देवाच्या अंगावर पाय पसरून कोण बसणार? बाबीने फांदीवरचे कर्णेसुद्धा काढून खांबावर लावले. जे तात्यांना ओरडून जमलं नाही ते दगडाने न बोलता केलं. तात्यांना वाटणारा दिलासा मला दिसत होता, आणि त्या दिलाशाच्या मागे दुसरं काहीतरी वाढत होतं, तेही दिसत होतं. ते नाक्यावरून जाताना आता दगडाकडे बघत नसत. मला म्हणाले, "बघ ना गं, दर दिवशी मोठा दिसतोय."

फांदी पडली त्या दिवशी सभा होती. दुपारचे तीन-साडेतीन. वारा नव्हता, दोरीवरचं धोतर हलत नव्हतं. माणसं आधीच जमायला लागली होती आणि पश्चिमेच्या सावलीत दाटीने बसली होती. मी शाळेतून येताना नाक्याच्या कोपऱ्यावर होते. आधी धूळ झटकावी तशी पानं गळली, मग एक लांब, ओला आवाज आला, कापड फाटल्यासारखा, आणि ती सगळीच्या सगळी फांदी खाली बसली. खाली कोणी नव्हतं. धूळ बसली तेव्हा फांदीच्या बेचक्यात दगड जसाच्या तसा होता. वर एक फूल तेवढं राहिलं होतं.

मग बाबीची बायको मोठ्याने रडू लागली आणि बाबीने त्या दगडापुढे रस्त्यातच लोटांगण घातलं. "माझी बायको ह्याच जागेर बसायची," तो सगळ्यांना सांगत होता, "ह्याच जागेर. देवान अंगावर घेतल्यान."

तात्या पोचले ते धावत, हातात रिकामी पिशवी घेऊन. दगड उचलून नेण्यासाठी आणलेली पिशवी. भोवती तोवर शे-दोनशे माणसं होती. बाबीने त्यांना मिठी मारली. "तात्या, तू सांगत होतंस. आम्ही ऐकूक नाय. पण त्यान ऐकल्यान." बाबीचे डोळे वाहत होते. त्या माणसाला काय सांगणार? तात्यांनी पिशवीची घडी केली आणि अर्जासारखी खिशात घातली. त्या संध्याकाळच्या सभेत व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं की दैवसुद्धा आपल्या बाजूने उभं आहे. टाळ्या बराच वेळ चालल्या. शिरीषाची पानं तोवर मिटली होती.

फांदी पडल्याचं निमित्त वरच्यांना मिळालं. आठवड्याच्या आत झाड बुंध्यापासून काढायचा हुकूम आला, आणि तो घेऊन जायचं काम मुकादम म्हणून तात्यांकडेच आलं. गाडी नाक्यावर उभी राहिली तेव्हा खोडाभोवती बायका बसलेल्या होत्या, दगडापुढे समई पेटलेली होती. साहेब गाडीतून उतरले, समईकडे बघितलं, टोपी काढली आणि परत गाडीत बसले. "देवस्थान झालंय," तात्यांना म्हणाले, "आता कोण हात लावतो." शिरीषाला आता कोणी तरी होतं. तात्या नव्हते, एवढंच.

त्या रविवारी आमच्या पत्र्याच्या विहारात वंदना झाल्यावर तात्या उभे राहिले. म्हणाले, "माझ्या हातून शपथ मोडली." वडीलधाऱ्यांनी विचारलं, कुठली. ते म्हणाले, "ती सांगता येणार नाही." आणि तिथून पुढे, जे कायम पहिल्या रांगेत बसायचे, ते दाराशी चपलांपाशी बसू लागले. कोणी म्हणे चोरून दारू पितात, कोणी आणखी काही म्हणे. तात्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. मी पहिल्या रांगेत बसत राहिले. हे मला आज लिहायला लागतंय, तर लिहिते.

पुढच्या वर्षी बाबीने वर्गणी काढून चौथरा बांधायला घेतला. सिमेंटचा, खोडाला अगदी लागून, चारही बाजूंनी. तात्या मोगरी घेऊन धावले.

"बाबी, मुळांना श्वास लागतो रे. हातभर जागा सोड. एवढं ऐक."

बाबीने थापी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, अगदी समजुतीने म्हणाला, "तात्या, झाडातला तुका कळता. पण तू आता बौद्ध. आमच्या देवातला तुका काय कळणार?"

मी शेजारी होते. सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं. तात्यांनी माझं मनगट धरलं आणि मला तिथून बाजूला नेलं. चाळीत पोचेपर्यंत ते सोडलं नाही. मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.

राज्य झालं त्या दिवशी शिरीषावर दिव्यांच्या माळा लावल्या. सगळा नाका झगमगत होता, माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, माझी आईसुद्धा रस्त्यात उभी राहून हसत होती. मलाही आनंद होता, का नसावा? तात्या गर्दीतून वाट काढत चौथऱ्यापाशी गेले. माळांसाठी मारलेले खिळे त्यांनी नुसते नजरेने मोजले. मग मोगरी माझ्या हातात दिली.

"ठोक. कान लाव."

मी ठोकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी झाडाला कान लावत होते. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला, खोल, आणि तो वाजून झाल्यावरही थोडा वेळ आतच फिरत राहिला. मी मागे बघितलं. एकही माणूस उठून गेला नव्हता.

"मोगरी ठेव तुझ्याकडेच," तात्या म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तेव्हा काकी त्यांच्या पायांना तेल लावत होती. तिने मला आत ये म्हटलं, चार वर्षांनी.

"शिरीष?" त्यांनी विचारलं.

"अर्धाच पालवलाय. पूर्वेकडे पालवी आली नाही."

"आणि तो?"

"त्याला घुमटी बांधतायत."

ते हसल्यासारखे झाले. "तासभर उशीर झाला गं," म्हणाले. "फक्त तासभर. तीन वाजता मी तिथे असतो तर धूळ बसायच्या आत उचलला असता." मग म्हणाले, "झाड आहे तोवर कोणाला सांगू नकोस. दगड खोटा ठरला तर झाड उघडं पडेल. नंतर सांग. नाहीतर माझ्या नावावर काय काय चिकटलंय, तेच राहील."

मी हो म्हणाले. त्यांनी आपल्याच छातीवर दोन बोटांनी ठोकलं, जरा ऐकलं, आणि काहीच बोलले नाहीत. काकीने तोंड फिरवलं. ते गेले त्याच आठवड्यात.

शिरीष मात्र चिवट निघाला. कितीतरी वर्षं एकेक फांदी सोडत तो उभा राहिला. मी शाळेतून निवृत्त झाले तरी त्याच्या एका कोपऱ्यात वैशाखात मूठभर गुलाबी तुरे दिसायचे, आणि मी काही न बोलता पुढे जायची. विहारात तात्यांचं नाव निघालं की कोणीतरी हमखास ती दाराशी बसण्याची गोष्ट काढायचं, तेव्हाही मी काही बोलत नसे.

गेल्या महिन्यात उरलेलं खोड काढलं. देऊळ आहे, संगमरवरी, घंटा आहे, आणि दारावर पाटी आहे, 'स्वयंभू जागृत देवस्थान'. आत जाऊन मी बघून आले. शेंदराचे थर चढून दगड आता चांगला मोठा झाला आहे, पण टवका गेलेली ती बाजू अजून ओळखू येते. पुजाऱ्याने विचारलं, "आजी, नवस आहे का?" मी म्हणाले, "नाही. जुनी ओळख आहे."

बाहेर आले. जिथे झाड होतं तिथे फरशी बसवत होते. ऊन सरळ डोक्यावर पडत होतं. घरी येऊन मोगरी काढून टेबलावर ठेवली आणि हे लिहायला बसले.

दिलेला शब्द झाड असेपर्यंतचा होता.